कोड्यातला लोहार चुकला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील शब्दकोड्यात ‘स्पेनमधला लोहार, आडनावाने (३)’ असा आडवा शब्द होता. पुढच्या रविवारी उत्तर छापून आले, ‘हेरेरा’. खाली टीपही होती की हेरेरा ही स्पेनमधली लोहार जात. कोडे सोडवणाऱ्यांनी चौकोन जुळवून घेतले असतील, पण या एका शब्दात आणि एका टिपेत तीन चुका आहेत. उच्चार चुकला, अर्थ चुकला आणि ‘जात’ हा शब्द तर फारच चुकला. नाशकात स्पॅनिश शिकवणारे आम्ही दोघे हे पत्र त्यासाठी लिहीत आहोत. थोडे लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

उच्चाराचे आधी सांगतो, कारण ते लवकर आटोपते. स्पॅनिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ लिहितात, म्हणत नाहीत. दोन ‘र’ जोडून आले की जिभेचे टोक वरच्या दातांमागे थरथरवायचे. मराठी माणसाला हे शिकवावे लागत नाही, चिमणी ‘भुर्रकन’ उडाली म्हणताना आपण तेच करतो. म्हणून लोहाराला म्हणायचे ‘एर्रेरो’, आघात मधल्या ‘र्रे’वर. शेवटचा र मात्र साधा. हा भेद हौसेचा नाही. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. स्पॅनिश ट आणि ड यांचे उच्चार दंत्य, म्हणजे आपले त आणि द. स्पेनचे २००४ ते २०११ या काळातले पंतप्रधान मराठी वृत्तपत्रांत ‘झापाटेरो’ झाले होते. त्या आडनावात झही नाही आणि टही नाही. स्पेनच्या बहुतेक भागात ते जीभ दातांमध्ये धरून ‘थापातेरो’च्या जवळपास म्हणतात, लॅटिन अमेरिकेत ‘सापातेरो’. अर्थ चांभार, जोडे शिवणारा.

आता हा मुका ‘ह’ आला कुठून? लॅटिनमध्ये लोखंड म्हणजे ‘फेर्रुम’ आणि लोखंडाचे काम करणारा ‘फेर्रारियुस’. कॅस्टिल प्रांताच्या बोलीत शब्दारंभीचा फ हळूहळू विरघळला, आधी त्याचा ह झाला आणि मग तोही गेला. पीठ ‘फारिना’चे ‘आरिना’ झाले, मुंगी ‘फोर्मिका’ची ‘ओर्मिगा’ झाली, तसा ‘फेर्रारियुस’चा ‘एर्रेरो’. १४९२ मध्ये आंतोनियो दे नेब्रिखाने कॅस्टिलियन भाषेचे व्याकरण लिहिले तेव्हा हा ह अजून ऐकू येत होता. त्याआधीच्या कागदांत हीच माणसे फ लावून लिहिलेली सापडतात. म्हणून जुन्या दप्तरात एकाच घराण्याचे ‘फेर्रेरो’ आणि ‘एर्रेरो’ वेगळे समजून दोन वंशवृक्ष काढण्याची चूक नवखे हमखास करतात. फर्नांदो आणि एर्नांदो हे एकच नाव आहे, आणि गोव्यातला फर्नांडिस व मेक्सिकोतला एर्नांदेस हे एकाच शब्दाचे दोन अवतार. आपल्याकडेही असेच झाले. ‘लोहकार’मधला क गळला आणि ‘लोहार’ उरला, ‘कुंभकार’चा ‘कुंभार’ झाला, ‘सुवर्णकार’चा ‘सोनार’.

जिथे फ गळला नाही तिथे आडनावही वेगळे राहिले. गालिसियात ‘फेर्रेइरो’, कातालोनिया आणि वालेन्सियात ‘फेर्रेर’. कातालान भाषेत आणखी एक धागा आहे. लॅटिन ‘फाबेर’ म्हणजे कारागीर, मुख्यतः लोहार, आणि त्याची जागा ‘फाब्रिका’. त्यातून ‘फाब्रा’ आणि ‘फाब्रेगास’ आली. फुटबॉल पाहणाऱ्यांना फाब्रेगास ठाऊक आहे, आणि आधुनिक कातालान भाषेचे नियम बसवणारा पोंपेउ फाब्रा (१८६८–१९४८) भाषावाल्यांना. बास्क प्रदेशाची रीतच निराळी. तिथे आडनाव माणसाच्या धंद्यापेक्षा घराच्या नावावरून पडे. ‘आरोत्स’ म्हणजे लोहार, पण आडनाव झाले ‘आरोस्तेगी’, म्हणजे लोहाराची जागा.

इथेच मुख्य मुद्द्याला हात घालतो. ‘एर्रेरो’ म्हणजे माणूस. ‘एर्रेरा’ म्हणजे ठिकाण. ‘फेर्रारिया’ या लॅटिन शब्दाचा तो वंशज, अर्थ लोखंडाची खाण किंवा लोखंड गाळण्याची जागा. या नावाची गावे आजही आहेत. पालेन्सिया प्रांतात एर्रेरा दे पिसुएर्गा, बादाखोसमध्ये एर्रेरा देल दुके, सेविया प्रांतात नुसतेच एर्रेरा. त्या गावचा म्हणून निघालेला माणूस परगावी ‘दे एर्रेरा’ झाला, मग तो नांगर धरत असो की पूजाअर्चा सांगत असो. चांदवडला होळकरांची टांकसाळ होती, म्हणून प्रत्येक चांदवडकर नाणी पाडणारा ठरत नाही. टकसाळे आणि चांदवडकर यांच्यात जो फरक, तोच एर्रेरो आणि एर्रेरा यांच्यात.

ही जोडी एकटी नाही. मोलिनेरो पिठाची चक्की चालवणारा, मोलिना चक्कीचे ठिकाण. काब्रेरो शेळ्या राखणारा, काब्रेरा शेळ्यांचे रान. ‘ओ’ आणि ‘आ’ हा इथे आपल्यासारखा मुलगा-मुलगीचा भेद नाही. दुसरी खूण ‘दे’ची. जुन्या कागदात आडनावामागे ‘दे’ असेल तर ते जवळजवळ नेहमी गावावरून आलेले. ‘दे एर्रेरा’ शेकड्यांनी मिळतील, ‘दे एर्रेरो’ क्वचित. पुढे रोजच्या वापरात हा ‘दे’ झिजून जातो, म्हणून आजच्या आडनावावरून निवाडा करू नये, जितका जुना कागद मिळेल तितका पाहावा.

एक अपवाद मात्र सांगायलाच हवा, नाहीतर कोणी जाणकार आमचेच कान धरेल. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या चर्चच्या नोंदींत बाईचे आडनाव कधीकधी स्त्रीलिंगी करून लिहीत. देल्गादोची मुलगी ‘देल्गादा’. त्याच न्यायाने एखाद्या एर्रेरोची लेक ‘एर्रेरा’ म्हणून नोंदलेली असू शकते. तेव्हा एकट्या बाईच्या नोंदीवर विसंबू नये. बाप, भाऊ यांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या की उलगडते.

एर्रेरा नावाचा सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे माद्रिदजवळच्या एल एस्कोरियाल या राजवाडा-मठाचा वास्तुशिल्पी हुआन दे एर्रेरा (१५३०–१५९७). १५६३ मध्ये सुरू झालेले ते अवाढव्य काम त्याने १५८४ मध्ये पुरे केले. त्याच्या घरात ऐरण नव्हती. उलट ज्याचे आडनाव खरेच लोहाराचे, त्याचे घर पाहा. वालेन्सियाचे संत विसेन्ते फेर्रेर (१३५०–१४१९) यांचे वडील दस्त लिहिणारे नोटरी होते. म्हणजे चौदाव्या शतकातच आडनाव एकीकडे आणि धंदा दुसरीकडे अशी फारकत झालेली होती.

मग मुळात हे नाव चिकटले कसे? अकराव्या-बाराव्या शतकातल्या लॅटिन दस्तांत ‘इओहान्नेस फेर्रारियुस’, ‘पेत्रुस फाबेर’ असे साक्षीदार येतात. त्या काळी कॅस्टिलमध्ये नावांची चणचण होती. एका गावात पाच हुआन आणि चार पेद्रो. त्यांना वेगळे काढायला तीन साधने असत, बाप, गाव आणि धंदा. बापावरून ‘-एस’ लागून फर्नांदेस, पेरेस झाले. गावावरून ‘दे’. धंद्यावरून ‘-एरो’. पांडवलेण्यातल्या एका दानलेखात दाता स्वतःची ओळख याच तीन गोष्टींनी देतो. विष्णुदत्ताचा मुलगा, दशपूरचा राहणारा, लेखक वुधिक. तिथे ती ओळख त्या माणसापुरतीच राहिली. स्पेनमध्ये ती मुलाकडे गेली, आणि मुलाकडे गेली त्या दिवशी ती आडनाव झाली.

धंद्याचे आडनाव पडायला त्या गावात तो धंदा एकाचाच असावा लागतो. जिथे तीस घरे मेंढ्या राखतात तिथे ‘धनगर’ म्हणून कोणाला ओळखणार? लोहार मात्र बहुधा एकच. आणि तोही असा, की ज्याच्या दारी गावातल्या प्रत्येक औताला जावे लागे. खडकाळ रानात फाळाचे टोक झिजते. लोहार ते लाल करून ऐरणीवर ठोकून लांबवतो आणि टोक काढतो. फारच झिजले तर नवा पोलादी तुकडा सांधतो, याला तिकडे फाळाला ‘जोडा घालणे’ म्हणत. ताव कमी पडला तर सांधा पेरणीच्या ऐन घाईत उकलतो. जास्त झाला तर पोलाद जळते, ठिणग्या उडतात आणि टोक ठिसूळ होते. नाल ठोकणारा ‘एर्रादोर’ हा वेगळा कारागीर आणि वेगळे आडनाव, लहान गावात दोन्ही कामे एकच माणूस करी ही गोष्ट निराळी.

कॅस्टिलच्या पुष्कळ गावांत भट्टीची खोली गावसभेच्या मालकीची असे आणि लोहाराला ती कराराने मिळे. मजुरी दर खेपेला नाही, तर वर्षाला, दर बैलजोडीमागे ठरलेले धान्य, फानेगाच्या मापाने. कॅस्टिलची फानेगा सुमारे साडेपंचावन्न लिटरची. या व्यवहाराला ‘इग्वाला’ म्हणत, आणि वैद्य, न्हावी, गुरांचा वैद्य यांनाही तो लागू असे. वाचकाला इथे बलुते आठवेल, आणि आठवावेही. पण फरक मोठा आहे. बलुते वतन होते, बापाकडून लेकाकडे जाणारे. इग्वाला हा करार होता. काम पसंत पडले नाही तर गाव दुसरा लोहार आणी, आणि लोहारही चार फानेगा जास्त मिळाल्या तर दुसऱ्या गावी जाई. एर्रेरो हे आडनाव पसरले त्यात या स्थलांतराचाही हात आहे. बाप ज्या गावात भट्टी सोडून गेला त्या गावात मागे राहिलेला मुलगा मेंढ्या राखी, पण गावाच्या तोंडी तो लोहाराचाच राहिला.

म्हणून ‘लोहार जात’ ही टीप बसत नाही. नाव वंशाने चालत आले, धंदा नाही, आणि लग्नाचे बंधन तर नावाला कधीच जोडलेले नव्हते. पण म्हणून तिकडे हाताच्या कामाला मान होता असेही कोणी समजू नये. हाताने काम करणाऱ्या घराण्याला मानमरातब आणि गावची पदे नाकारली जात. ते इतके, की तिसऱ्या कार्लोस राजाला १८ मार्च १७८३ रोजी फर्मान काढून सांगावे लागले की कातडी कमावणारा, लोहार, शिंपी, चांभार, सुतार यांचे धंदे प्रामाणिक आणि सन्मान्य आहेत आणि ते केल्याने माणूस किंवा घराणे हलके होत नाही. फर्मान काढावे लागते यातच काय ते आले. आणि लोहाराच्या स्वतःच्या दारिद्र्यावर, किंवा आळसावर, स्पॅनिश म्हण आहे की लोहाराच्या घरात सुरी लाकडाची.

ज्यांना एखाद्या स्पॅनिश आडनावाचा माग काढायचा आहे त्यांच्यासाठी थोडे कामाचे. कर भरणाऱ्यांच्या जुन्या याद्यांत ‘हुआन मार्तिन, एर्रेरो’ अशी नोंद असते. तो स्वल्पविराम पाहा. तिथे एर्रेरो हा धंदा आहे, आडनाव मार्तिन. मूळ हस्तलिखितात स्वल्पविराम बहुधा नसतोच, आणि नक्कल करणारा आपल्या मनाने घालतो किंवा गाळतो, तेव्हा शक्य तर मूळ पानाचे छायाचित्र पाहावे. ताळा घ्यायला उत्तम साधन म्हणजे एन्सेनादा या मंत्र्याचा ‘कातास्त्रो’, म्हणजे मालमत्तेची आणि उत्पन्नाची सरकारी पाहणी. ऑक्टोबर १७४९ च्या राजाज्ञेने कॅस्टिलच्या गावोगाव ४० प्रश्न विचारले गेले, आणि ३३ वा प्रश्न कारागिरांबद्दलचा. गावात लोहार कोण, शिंपी कोण, त्यांची रोजची कमाई किती. ही उत्तरे स्पेनच्या सरकारी दप्तरखान्यांच्या ‘पारेस’ या संकेतस्थळावर गावाच्या नावाने घरबसल्या वाचता येतात. एर्रेरो कुटुंबाचे गाव काढून भट्टी कोणाच्या हातात होती ते पाहा. तिथे गार्सिया बसलेला आढळला तर चकित होऊ नका.

त्याआधीचा आधार म्हणजे चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या. कार्डिनल सिस्नेरोसने १४९७–९८ च्या सुमारास आपल्या धर्मप्रांतात त्या ठेवायला लावल्या आणि ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर, म्हणजे १५६३ पासून, त्या सर्वत्र होऊ लागल्या. पण वही मिळाली म्हणजे आडनाव मिळाले असे नाही. एकोणिसाव्या शतकापर्यंत मूल बापाचेच आडनाव लावील असा नेम नव्हता. राजदरबारी इतिहासकार आंतोनियो दे एर्रेरा इ तोर्देसियास (१५४९–१६२६) याने आईचे ‘एर्रेरा’ पुढे घेतले, बापाचे तोर्देसियास मागे टाकले. चित्रकार वेलास्केस याचेही आडनाव आईचेच, बाप रोद्रिगेस दे सिल्वा. १८७० च्या नागरी नोंदणी कायद्यानंतर दोन आडनावांची, आधी बापाचे आणि मग आईचे, ही पद्धत पक्की झाली. २०१७ पासून तर क्रम आईबापांनी ठरवायचा आहे. वृत्तपत्रात दोन आडनावांपैकी शेवटचे तेवढे छापण्याची सवय आहे. ते बहुधा आईचे असते. वर उल्लेखलेले पंतप्रधान बापाकडून रोद्रिगेस. पण रोद्रिगेस स्पेनमध्ये गल्लोगल्ली, म्हणून लोकांनीच त्यांना आईच्या आडनावाने ओळखले. असे रूढ झालेले अपवाद सोडले, तर गार्सिया मार्केसला नुसते ‘मार्केस’ म्हणू नये.

समुद्रापार गेल्यावर आडनावाचा धंद्याशी उरलासुरला संबंधही तुटतो. फिलिपिन्समध्ये गव्हर्नर क्लावेरियाने २१ नोव्हेंबर १८४९ च्या हुकुमाने आडनावांची छापील यादी गावोगाव धाडली आणि ती कुटुंबांना वाटून दिली. तिथल्या एखाद्या एर्रेरोच्या पूर्वजाने घण उचललाच असेल असे नाही. आपल्या वसईतले फरेरा हे पोर्तुगीज ‘फेर्रेइरा’, म्हणजे पुन्हा लोखंडाचे ठिकाण, माणूस नव्हे. आणि ते बाप्तिस्म्याबरोबर आलेले, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेण्याच्या आधीच्या पोर्तुगीज अमदानीत. धंद्याचे आडनाव म्हणजे बाटलेल्या ज्यूंचे, हा समजही फिरत असतो. स्पेनने २०१५ मध्ये सेफार्दी, म्हणजे एकेकाळी स्पेनमधून हाकललेल्या, ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्वाचा कायदा केला तेव्हा अशा आडनावांच्या याद्यांना ऊत आला होता. त्यांना सरकारी किंमत काहीच नव्हती, नुसते आडनाव पुरावा म्हणून चालत नव्हते.

स्पेनमधल्या जुन्या अरबी अमदानीतून आलेली धंद्याची आणि हुद्द्याची आडनावे हा स्वतंत्र विषय आहे, पण एक-दोन शब्द नाशिककरांना ओळखीचे वाटतील म्हणून सांगतो. ‘आल्काल्दे’ म्हणजे आज नगराध्यक्ष, मूळ अरबी ‘अल-काझी’. आपल्या गोदाकाठच्या काझीच्या गढीतला काझी तोच. ‘आल्ग्वासिल’ म्हणजे शिपाई-बेलिफ, आणि तो होता ‘अल-वजीर’. वजिराचा बेलिफ होईतो घसरगुंडी झाली ती स्पेनमध्ये. ‘आल्फायाते’ म्हणजे शिंपी. पुढे सामान्य व्यवहारात त्याची जागा ‘सास्त्रे’ने घेतली आणि आल्फायाते फक्त आडनावात उरला. तांबटासाठी शब्द ‘काल्देरेरो’, पण जे आडनाव सर्वांना माहीत ते ‘काल्देरोन’, म्हणजे मोठी कढई किंवा हंडा. भांडी बाजारातल्या दुकानावर लटकलेल्या हंड्यावरून मालकाला नाव पडावे तसे. नाटककार काल्देरोन दे ला बार्का यांच्यामुळे ते जगभर गेले.

आता विनंती. पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी. ‘हेरेरा’ काढून ‘एर्रेरो’ करावे आणि टिपेतली ‘जात’ काढावी. चौकोन तीनच लागतात, ए, र्रे, रो. फक्त त्या आडव्या शब्दाला छेदणारे उभे शब्द पुन्हा बसवावे लागतील.

आपले,
स्पॅनिशचे दोन अध्यापक,
नाशिक